फाहरेत्तिन आल्ताय यांची कारकीर्द: तारखा, हुद्दे आणि १९२४ चा तिढा

कागदमोडे

तुर्कस्तानच्या प्रजासत्ताकातल्या पहिल्या पिढीचे सेनानी फाहरेत्तिन आल्ताय (१८८०–१९७४) यांच्या कारकिर्दीवर मराठीत सविस्तर लेख तयार करायचा आहे. ढोबळ आराखडा जमला आहे. जन्म अल्बानियातल्या श्कोदरचा, १९०२ मध्ये इस्तंबूलच्या स्टाफ कॉलेजातून बाहेर, गॅलिपोलीत एसात पाशांच्या ३ ऱ्या कोअरचे (काही डिव्हिजन मिळून होणारी मोठी फौज) चीफ ऑफ स्टाफ, स्वातंत्र्ययुद्धात घोडदळ, १९३३ ते १९४३ पहिल्या आर्मीचे कमांडर, १९४५ मध्ये निवृत्ती, १९४६ ते १९५० बुर्दुरचे खासदार. इथवर ठीक. मधले सांधे मात्र जुळत नाहीत.

पहिली अडचण तारखांची. एकाच बढतीला किंवा नेमणुकीला दोन ठिकाणी दोन तारखा मिळतात, कधी तेरा दिवसांच्या फरकाने, कधी चक्क वर्षाच्या. दुसरी हुद्द्यांची. १९२१ मध्ये ते ‘मिर्लिवा’ झाले, याला कोणी ब्रिगेडियर म्हणतं, कोणी मेजर जनरल. तिसरी सगळ्यात मोठी: १९२४ मध्ये हा माणूस एकाच वेळी ५ व्या कोअरचा कमांडर आणि इझमीरचा खासदार कसा? आणि त्याच शरद ऋतूत काराबेकिर, अली फुआत या बड्या सेनानींच्या लष्करी कारकिर्दी संपल्या, याची का टिकली?

शेवटचं म्हणजे दहा वर्षं पहिली आर्मी हाताखाली असूनही ते चीफ ऑफ जनरल स्टाफ झाले नाहीत. यामागे राजकीय नाराजी होती असं लिहावं का?

दप्तरी

तारखांपासून सुरुवात करा. त्या सुटल्या की निम्मा गुंता सुटतो.

जुन्या सेवानोंदी रूमी पंचांगात, म्हणजे उस्मानी कारभाराच्या पंचांगात आहेत. हे सौर पंचांग, पण त्याचे दिवस ज्युलियन. वर्ष १ मार्चला सुरू होई. म्हणून मार्च ते डिसेंबरसाठी रूमी सालात ५८४ मिळवायचे आणि जानेवारी-फेब्रुवारीसाठी ५८५. त्यावर दिवसांचा फरक: मार्च १९०० पर्यंत १२ दिवस, त्यानंतर १३. नमुना म्हणून मुस्तफा केमाल (पुढे अतातुर्क) यांची नोंद घ्या, कारण ती ताडून पाहायला सोपी आहे. हार्बियेतून म्हणजे मिलिटरी अकॅडमीतून ते २८ जानेवारी १३१७ ला बाहेर पडले. घाईत ५८४ मिळवले तर १९०१ येतं आणि ते चूक आहे. महिना जानेवारीचा, म्हणून ५८५, अधिक १३ दिवस: १० फेब्रुवारी १९०२. स्टाफ कॉलेजची तारीख २९ डिसेंबर १३२०. इथे महिना डिसेंबर म्हणून ५८४ बरोबर, पण १३ दिवस पुढे गेल्यावर वर्षाची हद्द ओलांडली जाते आणि उत्तर येतं ११ जानेवारी १९०५. डिसेंबरचा उत्तरार्ध हा सगळ्यात जास्त चुका होणारा पट्टा आहे.

आता खरा सापळा. फेब्रुवारी १९१७ मध्ये दिवसांचा फरकच काढून टाकला गेला. १५ फेब्रुवारी १३३२ च्या दुसऱ्या दिवशी थेट १ मार्च १३३३ उजाडला. तिथून पुढे दिवस आणि महिना आपल्याच कॅलेंडरचे, फक्त साल रूमी. १३३३ साल डिसेंबरअखेर संपवलं, त्यामुळे १९१८ पासून जानेवारी-फेब्रुवारीलाही ५८४ च मिळवायचे. म्हणजे स्वातंत्र्ययुद्धाच्या कागदावर ‘२६ ऑगस्ट १३३८’ दिसलं तर ते २६ ऑगस्ट १९२२. यात पुन्हा १३ दिवस मिळवणारे लोक त्या दिवशी सुरू झालेलं ग्रीकांविरुद्धचं महाआक्रमण सप्टेंबरात नेऊन ठेवतात. १ जानेवारी १९२६ पासून सालही बदललं, त्यानंतर काही करायचं नाही.

तुम्हाला दिसलेल्या तेरा दिवसांच्या तफावतीचं मूळ बहुधा इथेच आहे. पण सगळ्या तफावती पंचांगाच्या नसतात. बढतीचा हुकूम निघाल्याची तारीख आणि ज्या दिवसापासून हुद्दा मोजला जाई ती तारीख (सेवानोंदीत हिला ‘नासप’ म्हणतात) या वेगळ्या असू शकतात. ज्येष्ठता दुसरीवर ठरे. लेखात कुठली वापरली आहे ते एका वाक्यात सांगून टाका आणि शेवटपर्यंत तीच धरा.

जुन्या यादीत नावापुढे ‘१३१७-पि.८’ असं काही दिसलं तर गोंधळू नका. १३१७ ही बॅच, ‘पि’ म्हणजे पियादे, पायदळ, आणि ८ हा त्या बॅचच्या पायदळातला क्रमांक. नावं सारखी असलेली माणसं वेगळी काढायला याच्याइतकं खात्रीचं दुसरं साधन नाही.

हुद्दे: उस्मानी क्रम मीरआलाय (कर्नल), मिर्लिवा, फेरिक, बिरिन्जी फेरिक, मुशिर असा चढत जातो. १९३४ नंतरची नावं अल्बाय, त्युमगेनेराल, कोरगेनेराल, ओर्गेनेराल, मारेशाल वगैरे. दोन शिड्यांच्या पायऱ्या एकास एक बसत नाहीत. वरच्या टोकाला वाद नाही: बिरिन्जी फेरिक म्हणजे ओर्गेनेराल, मुशिर म्हणजे मारेशाल. खाली मात्र मिर्लिवाला कोणी आजच्या तूगेनेरालशी (ब्रिगेडियर) जोडतं, कोणी त्युमगेनेरालशी (मेजर जनरल), आणि फेरिकही त्याच हिशेबाने एक पायरी खाली-वर सरकतो. म्हणून इंग्रजी समांतर हुद्दा शोधायच्या भानगडीत पडू नका. १९२१ मिर्लिवा, १९२२ फेरिक, १९२६ बिरिन्जी फेरिक असं मूळ शब्दांत लिहा आणि मिर्लिवाच्या पहिल्या उल्लेखाला ‘जनरल श्रेणीतला सर्वांत खालचा हुद्दा’ एवढं सांगा. वाचकाला तेवढं पुरतं.

‘पाशा’ हा हुद्दा नव्हे, उपाधी आहे. २६ नोव्हेंबर १९३४ च्या कायद्याने एफेन्दी, बेय, पाशा सगळ्या गेल्या आणि ‘जनरल’, ‘ॲडमिरल’ आले. आडनावांचा कायदाही त्याच वर्षीचा, २१ जून १९३४. त्यामुळे १९२२ च्या लढाईचं वर्णन करताना ‘जनरल आल्ताय’ असं लिहिणं म्हणजे दोन चुका एकदम. त्या काळात ते फाहरेत्तिन पाशाच. आडनाव एकदा कंसात द्या आणि पुढे काळाप्रमाणे चला. १९३४ पूर्वीच वारलेल्यांना आडनावच नसतं. नुरेत्तिन पाशा १९३२ मध्ये गेले, त्यांच्या नावापुढे यादीत दिसणारं आडनाव कुटुंबाने नंतर घेतलेलं आहे.

जुनी_पलटण

१९२४ बद्दल. लेखाचा कणा हाच भाग असायला हवा, कारण त्या पिढीतल्या जवळपास प्रत्येक सेनानीची पुढची वाट त्या दोन-तीन आठवड्यांत ठरली. युद्धातल्या कामगिरीचा तिच्याशी संबंध फार थोडा.

दुहेरी पद ही गफलत नव्हती, तशी पद्धतच होती. पहिल्या महासभेत, म्हणजे अंकाऱ्याच्या संसदेत (१९२०–२३), अनेक कमांडर सभासद होते. आल्ताय तिथे मेर्सिनचे होते. ऑगस्ट १९२३ मध्ये दुसरी महासभा भरली तेव्हाही बहुतेक मोठे सेनानी निवडून आलेले, आल्ताय या वेळी इझमीरचे. पहिल्या सभेतल्या अशा लोकांची एक खूण पदकात दिसते. स्वातंत्र्यपदकाची फीत आघाडीवरच्या सैनिकाला लाल, सभासदाला हिरवी, आणि दोन्ही असलेल्याला लाल-हिरवी. पिछाडीच्या सेवेला पांढरी.

सरकारने ही गाठ टप्प्याटप्प्याने सोडवत आणली. १९ डिसेंबर १९२३ च्या कायद्याने सेवेतल्या अधिकाऱ्याला पुढच्या निवडणुकीपासून उमेदवारी बंद केली. ३ मार्च १९२४ ला, खिलाफत बरखास्त झाली त्याच दिवशी, कायदा क्र. ४२९ ने जनरल स्टाफचं मंत्रिपद रद्द झालं. फेव्झी पाशा (चाक्माक) मंत्रिमंडळाबाहेर गेले, पण चीफ ऑफ जनरल स्टाफ म्हणून राहिले आणि तेही जवळजवळ स्वायत्त. एप्रिलच्या राज्यघटनेत खासदारकी आणि सरकारी नोकरी एका हाती राहणार नाही असं कलम आलं. तरी जे आधीच दोन्हीकडे होते ते तसेच होते.

मग २६ ऑक्टोबर १९२४. पहिल्या आर्मीचे इन्स्पेक्टर काझिम काराबेकिर यांनी राजीनामा दिला. आपले तपासणी अहवाल कोणी विचारात घेत नाही, तेव्हा महासभेत जाऊन काम करतो, असं कारण. ३० ऑक्टोबरला दुसऱ्या आर्मीचे इन्स्पेक्टर अली फुआत (जेबेसोय) अंकाऱ्यात उतरले आणि थेट फेव्झी पाशांकडे राजीनामा देऊन मोकळे झाले. ‘इन्स्पेक्टर’ वाचून फसू नका. शांततेच्या काळात आर्मीचा सर्वोच्च अधिकारी हाच, युद्ध लागलं की तोच कमांडर. म्हणजे चार दिवसांत तीनपैकी दोन आर्म्यांचे प्रमुख गणवेश उतरवून विरोधी बाकांकडे निघाले होते.

मुस्तफा केमाल यांनी त्याच दिवशी डाव उलटवला. फेव्झी पाशांना समक्ष आणि बाकीच्यांना तारेने एकच मागणी: खासदारकी सोडा. तार गेली ती तिसऱ्या आर्मीचे इन्स्पेक्टर जेवात (चोबानली) यांना आणि पाच कोअर कमांडरांना: १ ली इझ्झेत्तिन (चालिशलार), २ री अली हिकमेत (आयेर्देम), ३ री शुक्रू नाइली (ग्योकबेर्क), ५ वी फाहरेत्तिन, ७ वी जाफेर तय्यार (एईलमेझ). पहिल्या चार कोअर कमांडरांनी लगेच खासदारकी सोडली. जेवात आणि जाफेर तय्यार यांनी कारण विचारलं, मतदारांचा मुद्दा काढला, आणि त्यांना कमांडवरून दूर केलं गेलं.

हिशेब साधा होता. सभेत विरोधक वाढले तर मतांनी हाताळता येतात. विरोधक सभेत आणि त्यांचे स्नेही कोअरच्या डोक्यावर, हे मात्र धोक्याचं. सरकारने आणखी एक पाचर मारली: सूत्रं रीतसर पुढच्या अधिकाऱ्याकडे सोपवल्याशिवाय राजीनामा दिलेल्यांनी सभागृहात बसायचं नाही. १७ नोव्हेंबरला तेराक्कीपेरवेर जुम्हुरियेत फिर्कासी (प्रगतिवादी प्रजासत्ताक पक्ष) हा विरोधी पक्ष निघाला, अध्यक्ष काराबेकिर, सरचिटणीस अली फुआत. तोवर सैन्य हातचं गेलेलं होतं.

पुढचं थोडक्यात. शेख सईद यांचं कुर्दी बंड, ४ मार्च १९२५ चा सुव्यवस्थेचा कायदा, जूनमध्ये पक्षावर बंदी. १९२६ मध्ये इझमीरमध्ये मुस्तफा केमाल यांच्या हत्येचा कट उघडकीला आला आणि जुने पक्षसहकारी न्यायाधिकरणापुढे उभे राहिले. काराबेकिर, अली फुआत, रेफेत (बेले) आणि जाफेर तय्यार १३ जुलै १९२६ ला निर्दोष सुटले. ‘सगळे पाशा सुटले’ असं मात्र लिहू नका. एर्झुरुमचे खासदार रुश्तू पाशा फाशी गेले. सुटलेल्यांनाही सैन्यात परत जागा नव्हती.

तारांच्या प्रसंगाचं सगळ्यात तपशीलवार वर्णन मुस्तफा केमाल यांच्या १९२७ च्या सहा दिवसांच्या भाषणातलं आहे, आणि तिथे त्याला पाशांचा कट म्हटलं आहे. घटनाक्रमासाठी ते वापरा, हेतूंसाठी जपून. प्रतिपक्षाला स्वतःची बाजू मांडायला त्यानंतर बरीच वर्षं मिळाली नाहीत.

तुमच्या नायकाबद्दल निष्कर्ष एवढाच: त्याने गणवेश निवडला, तोही कारण न विचारता. १९३० मधली त्याची नेमणूक त्याच निवडीचं फळ. २३ डिसेंबर १९३० ला मेनेमेनमध्ये कुबिलाय या तरुण राखीव अधिकाऱ्याची हत्या झाली तेव्हा लष्करी कायद्याचे कमांडर म्हणून पाठवले गेले ते दुसऱ्या आर्मीचे इन्स्पेक्टर फाहरेत्तिन पाशा. खटला चालवणारं लष्करी न्यायालय मुस्तफा मुलाली यांच्या अध्यक्षतेखाली होतं, २८ जणांना फाशी झाली. या दोन भूमिका लेखांतून सर्रास एक केल्या जातात. त्या वेगळ्या ठेवा. (याच मुलालींना पुढे १९४३ च्या ओझाल्पमधल्या ३३ गावकऱ्यांच्या गोळीबार प्रकरणात शिक्षा झाली, पण तो तुमचा विषय नाही.)

कागदमोडे

दोघांचे आभार. रूमीचा खुलासा वाचून माझ्या टिपणातल्या तीन तारखा लगेच दुरुस्त झाल्या. एक शंका: नुरेत्तिन पाशाही तेव्हाचे नामांकित सेनानी, मग तारेच्या यादीत ते का नाहीत? आणि घोडदळाच्या भागात लिहिण्याजोगं काय आहे? ‘५ वा ग्रुप’, ‘५ वी कोअर’ आणि ‘५ वी घोडदळ कोअर’ अशी तीन नावं दिसतात. ती एकच का?

रिसाला

एकच नव्हेत. १९२१ च्या साकार्या लढाईत (२३ ऑगस्ट ते १३ सप्टेंबर) तुर्की सैन्याची मांडणी ‘ग्रुप’मध्ये होती. कोअरच्या तोलाची, पण हाताशी आलेल्या तुकड्यांची बांधलेली मोट. फाहरेत्तिन यांचा ५ वा ग्रुप घोडदळाचा होता. त्याआधी ते १२ व्या कोअरवर होते, म्हणजे पायदळावर. १९२२ च्या मोहिमेत जी ५ वी घोडदळ कोअर दिसते ती नीट बांधलेली, तीन घोडदळ डिव्हिजनची: १ ली (मुर्सेल), २ री (झेकी), १४ वी (सुप्ही). आणि १९२४ च्या तारेतली ५ वी कोअर म्हणजे शांतताकाळातल्या नव्या रचनेतली कोअर. तेव्हा तीन आर्मी इन्स्पेक्टरेटखाली नऊ कोअर होत्या. आकडा तोच, संघटना वेगळ्या. नकाशाखाली मथळा देताना साल घातल्याशिवाय ‘५ वी’ लिहू नका.

लिहिण्याजोगं म्हणाल तर २५ ऑगस्ट १९२२ ची रात्र. अफ्योनच्या नैर्ऋत्येला आहिर डोंगर. ग्रीकांचं ठाणं बाल्लीकाया या जागी दिवसा असे, रात्री ती जागा मोकळी. उजेडात तोफखान्याने जी खिंड बंद होते ती अंधारात उघडी, एवढ्या एका गोष्टीवर अख्खी कोअर डोंगर ओलांडून सिंजानलीच्या मैदानात, म्हणजे ग्रीक आघाडीच्या पाठीमागे उतरली. २६ ला पहाटे पायदळाचा हल्ला समोरून सुरू झाला तेव्हा घोडदळ मागे पोहोचू लागलं होतं. काम खंदक घेण्याचं नव्हतंच. इझमीरकडे जाणारा लोहमार्ग आणि तारा तोडायच्या, राखीव तुकड्यांची हालचाल अडवायची. डोंगरी पायवाटेने एका रात्रीत तीन डिव्हिजन नेताना घोडी एकापाठोपाठ एक चालवावी लागतात, रांग कित्येक किलोमीटर लांबते, आणि मागची डिव्हिजन उजाडल्यावरही घाटातच असते. म्हणून ‘रात्रीत पूर्ण कोअर पार झाली’ असं सरसकट वाक्य टाकू नका. ‘रात्री सुरुवात झाली’ म्हणा.

९ सप्टेंबरला इझमीरमध्ये शिरणारे पहिले याच कोअरचे घोडेस्वार. सरकारी इमारतीवर झेंडा लावणारे कॅप्टन शेराफेत्तिन, २ ऱ्या घोडदळ डिव्हिजनचे. कोअर कमांडर आणि झेंडा लावणारा यांची गल्लत होते तेवढी टाळा.

नुरेत्तिन यांचं उत्तर मासलेवाईक आहे. १९२२ मध्ये ते पहिल्या आर्मीचे कमांडर, पण दुसऱ्या महासभेत नव्हते, म्हणून तारेचा प्रश्नच नाही. १९२४ अखेरच्या पोटनिवडणुकीत ते बुर्सातून अपक्ष निवडून आले. तेव्हा डिसेंबर १९२३ चा तोच कायदा उलट्या बाजूने लागला. ते सेवेत असताना निवडून आले म्हणून सभेने निवड रद्द केली. त्यांनी सैन्याचा राजीनामा दिला, १९२५ च्या सुरुवातीला पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा निवडून आले. त्याच वर्षी पाश्चात्त्य टोपी आणणाऱ्या कायद्याला सभेत विरोध केला तो यांनीच.

जुनी_पलटण यांच्या मांडणीशी एका बाबतीत माझं जमत नाही. १९२४ ची निवड म्हणजे कायमचा शिक्का, असा सूर त्यात आहे. जेवात पाशांचं उदाहरण त्याच्याविरुद्ध जातं. तारेला आढेवेढे घेतले, कमांड गेली, पण ते पुढे खासदारकी सोडून सैन्यात परतले आणि सर्वोच्च लष्करी मंडळाचे सभासद राहून १९३५ मध्ये निवृत्त झाले. जाफेर तय्यार मात्र नव्या पक्षात गेले. माझ्या मते रेघ तार नाकारण्यापाशी नाही, पक्षात जाण्यापाशी पडते. दियारबाकिरसारख्या दूरच्या ठिकाणी बसलेल्या माणसाला अंकाऱ्यात काय शिजतंय ते कळायला वेळ लागणारच. कारण विचारणं म्हणजे बंडखोरी असं धरून चालू नये.

जुनी_पलटण

जेवात यांच्यापुरता मुद्दा मान्य. तरी त्यांना आर्मी परत मिळाली नाही, मंडळाची खुर्ची मिळाली. सल्ल्याचं पद आणि तुकड्यांवरचा ताबा यांत फरक आहे, आणि माझा भर ताब्यावर होता.

तळटीप

चीफ ऑफ जनरल स्टाफच्या प्रश्नाला राजकीय रंग देऊ नका. जन्मतारखा पाहिल्या की बराचसा उलगडा होतो. फेव्झी चाक्माक १९२१ पासून १२ जानेवारी १९४४ पर्यंत त्या खुर्चीवर होते, दोन राष्ट्राध्यक्षांच्या काळात. वरची जागा बावीस-तेवीस वर्षं रिकामीच झाली नाही. ती झाली तेव्हा आल्ताय ६४ वर्षांचे, निवृत्तीला वर्षभर उरलेलं, आणि १९४३ मध्येच ते पहिल्या आर्मीवरून लष्करी मंडळात गेलेले. जागा मिळाली १८८६ मध्ये जन्मलेल्या काझिम ओरबाय यांना. त्या काळातल्या कुठल्याही ज्येष्ठ सेनानीच्या लेखात ‘डावललं’ लिहिण्याआधी चाक्माक यांची कारकीर्द शेजारी ठेवून पाहावी. पद मिळालं असतं तरी ते जुनं पद उरलं नव्हतं. १९४४ मध्येच जनरल स्टाफ पंतप्रधानांच्या अधिकाराखाली गेला आणि १९४९ मध्ये संरक्षण मंत्रालयाखाली.

उलट विश्वासाच्या खुणा भरपूर आहेत. १९३४ मध्ये इराणचे शहा रेझा पहलवी आले तेव्हा सोबतीला आल्ताय होते. त्यानंतर इराण-अफगाणिस्तान सीमेचा वाद तुर्कस्तानच्या लवादाकडे आला, तो सोडवायला तेच गेले आणि १९३५ चा निवाडा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. नोव्हेंबर १९३८ मध्ये अतातुर्क यांच्या अंत्ययात्रेच्या लष्करी व्यवस्थेची सूत्रं त्यांच्याकडे होती. पहिल्या आर्मीचं मुख्यालय इस्तंबूलला, म्हणजे सामुद्रधुन्या आणि थ्रेसची सरहद्द तिच्याकडे. दुसऱ्या महायुद्धाची पहिली वर्षं बिनभरवशाच्या माणसाला तिथे कोणी ठेवलं नसतं.

आता एक धोका, जो अजून कोणी काढलेला नाही. फाहरेत्तिन पाशा दोन आहेत. दुसरे ओमेर फाहरेत्तिन (त्युर्ककान), १८६८ ते १९४८, पहिल्या महायुद्धात मदिना लढवत ठेवणारे. जानेवारी १९१९ पर्यंत त्यांनी शहर सोडलं नाही, पुढे माल्टात कैद, आणि १९२२ ते १९२६ काबूलमध्ये तुर्कस्तानचे राजदूत. म्हणजे अफगाणिस्तानचा धागा दोघांच्याही चरित्रात आहे. यंत्राने शोध घेताना १९२० च्या दशकातल्या काबूलच्या नोंदी आल्ताय यांच्या खात्यावर जमा होतात आणि १९३५ चा लवाद राजदूताच्या. १९२२ ते १९२६ दरम्यान ‘फाहरेत्तिन पाशा’ आणि ‘काबूल’ एका ओळीत दिसले तर तो तुमचा माणूस नाही. छायाचित्रांतही तीच गत.

काझिम पाशांचं तर मोहोळच आहे: काराबेकिर, ओझाल्प, इनान्च, दिरिक, ओरबाय. महासभेच्या नोव्हेंबर १९२४ च्या इतिवृत्तात ‘काझिम पाशा’ दिसले की मतदारसंघ बघा. काझिम ओझाल्प त्याच महिन्याच्या अखेरीस सभेचे अध्यक्ष झाले आणि १९३५ पर्यंत राहिले. म्हणजे राजीनामा देऊन आलेले एक काझिम पाशा बाकावर आणि दुसरे अध्यक्षांच्या खुर्चीत, असं चित्र त्या हिवाळ्यात रोजचं होतं.

लिप्यंतर करताना तुर्की ‘सी’ म्हणजे ‘ज’: जेवात, जेबेसोय, जुम्हुरियेत. शेपटी असलेला ‘सी’ म्हणजे ‘च’. टोपीवाला ‘जी’ स्वतः उच्चारला जात नाही, आधीचा स्वर लांबवतो, म्हणून मुलाली, एईलमेझ. रोमन स्पेलिंगवरून ‘केवात’ किंवा ‘मुगलाली’ लिहिलं की जाणकार वाचक तिथेच थांबतो.

दप्तरी

एक पुरवणी. १९२४ ची खासदारकी सोडल्याची तारीख ताडायची असेल तर चरित्रकोशांपेक्षा महासभेचं इतिवृत्त आणि राजपत्र बघा. तारेचा दिवस (३० ऑक्टोबर), राजीनामा लिहिल्याचा दिवस आणि सभेत तो वाचून दाखवल्याचा दिवस, तिन्ही वेगळे असू शकतात आणि कोशवाले मनाला येईल तो उचलतात. या कागदांवर साल १३४० असेल. ५८४ मिळवा, दिवसाला हात लावू नका.